बत्तीभोवतीचं कडं

"अहो, पंप जरा कमी मारा," मी म्हणाले. "बत्तीला कडं आलंय."

चर्चच्या अंगणातल्या चिंचेच्या खालच्या फांदीला गॅसबत्ती टांगली होती, आणि तिच्या उजेडात आम्ही बायका नाताळच्या गाण्यांची तालीम करत होतो. दिवस नुकताच मावळला होता. उसातून धुकं निघून हळूहळू गावाकडे सरकत होतं. बत्तीत हवा भरायचं काम माझ्या नवऱ्याकडे, म्हणजे शांतवन मास्तरांकडे असायचं. ते हात थांबवून माझ्याकडे बघायला लागले.

"कसलं कडं, रिबेका?"

"हे काय. चंद्राला खळं पडतं तसं. पण रंगीत. एवढं मोठं."

सगळ्यांनी बत्तीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कुणालाच काही दिसत नव्हतं. मला आधी वाटलं, या बाया माझी चेष्टा करतायत. बत्तीभोवती रंगांची बांगडी इतकी स्वच्छ फिरली होती की हात लावावासा वाटत होता. मी एक पाऊल पुढे गेले, तर कडंही माझ्याबरोबर पुढे सरकलं.

"ताई, हलू नका," मागून अमोसभाऊंचा आवाज आला.

अमोसभाऊ सुवार्तिक होते. नाताळच्या आधीचे दिवस आमच्या गावात प्रार्थना घ्यायला शहरातून आलेले. गळा गोड आणि डोळे नेहमी भरून आलेले. ते तिथंच धुळीत गुडघ्यांवर बसले. त्यांचं बघून एकेक बाई खाली बसली आणि अंगणभर गुडघे टेकले गेले. मी एकटीच उभी राहिले, कारण मला हलू नका असं सांगितलं होतं.

आता मी इतकी म्हातारी झाले आहे की कालचं जेवण आठवत नाही. पण ती संध्याकाळ डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हा माझी पन्नाशी उलटलेली. महिला मंडळाची मी पुढारी. गाण्याचा सूर मी द्यायचा, कुणाच्या घरी आजारपण असलं की प्रार्थनेला मी जायचं. लोक मान द्यायचे. खरं सांगायचं तर मला तो आवडायचा. पण त्या संध्याकाळी मिळाला तो मान वेगळाच होता. घरी जाताना शेजारणीनं तिचं लेकरू माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "हात ठेवा याच्यावर." मी ठेवला. माझाच हात मला नवीन वाटला.

दुसऱ्या दिवशी अमोसभाऊ घरी आले. मास्तरांनी चहा ठेवला.

"ताई, प्रभूनं तुम्हाला दर्शन दिलंय," ते म्हणाले. "हे सांभाळावं लागतं. दिवसा उजेडात माणसाचं मन फाकतं. तुम्ही रोज संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावून बसा. आणि नाताळच्या सकाळी सगळ्या मंडळीपुढे साक्ष द्या. आसपासच्या गावांना मी निरोप धाडतो."

"परवापासून हिचं डोकं दुखतंय," मास्तर म्हणाले. "तालुक्याला डोळे दाखवून आणावेत, असं माझ्या मनात होतं."

"मास्तर," अमोसभाऊ मऊपणे म्हणाले, "प्रभूनं आंधळ्याला दृष्टी दिली, तेव्हा तिथं दवाखाना कुठं होता?"

मास्तर चुलीकडे वळले. ते तसेही कमी बोलायचे. चहा गाळून त्यांनी कप आमच्यापुढे ठेवले, आणि मी त्यांच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. बिचाऱ्यांचा विश्वास कमी, असं मला वाटलं.

चर्चच्या मागे सतरंज्या ठेवायची एक खोली होती. तिला खिडकी नव्हती. रोज दिवेलागणीला मी तिथं जाऊन बसू लागले. समोर एक मेणबत्ती, बाहेर उंबऱ्याशी अमोसभाऊ आणि त्यांच्यामागे बायका दबक्या आवाजात गात असायच्या. आत बसलं की थोड्या वेळानं भिंती विरघळायच्या. मेणबत्तीभोवती कडं उमटायचं, मोठं व्हायचं, आणि त्याच्या पलीकडे सगळं दुधाळ व्हायचं. त्या दुधात काहीबाही हलायचं. कधी वाटायचं, मेंढरं चाललीत. कधी कुणीतरी वाकून गव्हाणीत बघतंय. मी पाण्याखाली बसले आहे आणि वरून गाणं झिरपत येतंय, असं व्हायचं. इतकं सुख मला आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"आज काय दिसलं, ताई?" अमोसभाऊ विचारायचे.

मी सांगायचे. खोटं मी एकदाही बोलले नाही. पण विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एवढी आशा असली की माणसाला थोडं जास्तच दिसतं.

नंतर मात्र उजव्या भुवईवर कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं दुखायचं. मळमळायचं. एकदा तर घरी येऊन मी मोरीत ओकले. अमोसभाऊंना सांगितलं तर त्यांचे डोळे आणखीच भरले. "ज्याला मोठं देणं मिळतं, त्याच्या अंगात एक काटाही राहतो," ते म्हणाले. मला ते पटलं. दुखणंसुद्धा मानाचं वाटायला लागलं.

या सगळ्यात एक माणूस रोज चर्चच्या बाहेरच्या ओट्यावर बसलेला असायचा. माझा सख्खा थोरला भाऊ, लाजरस.

त्याची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. तरुणपणी त्याच्यासारखा ढोलकी वाजवणारा पंचक्रोशीत नव्हता. मग दारू लागली. मग डोळे गेले. दारूनं डोळे खाल्ले, असं लोक म्हणायचे, आणि मीही म्हणायचे. आईच्या मातीला तो झिंगून आला आणि कबरीच्या कडेला तोल जाऊन पडला, तेव्हा चर्चच्या पंचांनी त्याचं प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावानं मिळणारा भाकर आणि द्राक्षरस, बंद केलं, आणि मी त्याच्याशी बोलणं बंद केलं. पुढे त्यानं दारू सोडली. पण मला परत घ्या असं तो कुणाला म्हणाला नाही, आणि ये असं त्याला कुणी म्हणालं नाही. उपासनेच्या वेळी तो बाहेर ओट्यावर बसायचा आणि आतल्या गाण्यावर दोन बोटांनी फरशीवर ठेका धरायचा. मी रोज त्याच्या शेजारी फडक्यात बांधलेली भाकरी ठेवून पुढे जायचे. भाकरी द्यायची, शब्द द्यायचा नाही, असा माझा नेम होता. त्याला मी दया समजत होते.

नाताळ तोंडावर आला होता. एका सकाळी उन्हं वर आल्यावर मी भाकरी ठेवायला गेले. धुकं अजून उसावर लोंबत होतं. मी फडकं खाली ठेवलं आणि वळले.

"रिबके," तो म्हणाला.

मी थांबले. कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडून माझं नाव ऐकलं. आईसारखाच हाक मारायचा तो.

"बाहीरून तांबडं हाये ना?" तो म्हणाला. "आन् आतल्या अंगाला निळं?"

कड्यात रंग आहेत, हे मी सगळ्यांना सांगितलं होतं. कुठला रंग बाहेर आणि कुठला आत, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मास्तरांनासुद्धा नाही. तेवढं मी माझ्यापाशी ठेवलं होतं.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोन सांगंल? म्या पाह्यलंय."

"तू?"

"व्हय. असाच नाताळ व्हता. ढोलकी गळ्यात व्हती आन् बत्तीला कडं आलं. इतकं नामी, की म्या कोनाला सांगितलंच न्हाई. सांगितलं तर आपल्याकडून काढून घेतील, असं वाटलं." त्यानं भाकरीचं फडकं चाचपून मांडीवर घेतलं, पण सोडलं नाही. "आधी कडं आलं. मंग दुखाया लागलं. मंग येक दिवस कडंबी गेलं आन् बत्तीबी गेली."

"तू प्यायचास, दादा. म्हणून गेले डोळे."

"डोळं दुखायचं म्हनून प्यायचो," तो म्हणाला. "तुमी समद्यांनी उलटं धरलं."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. कुणी विचारलं नाही म्हणून सांगायचं राहिलं, इतकंच. पुढे तो म्हणाला, "सारं झाल्यावर बाजाराच्या गावी डोळ्याचं शिबिर आलं व्हतं. डाक्टरीनबाई म्हनली, काचबिंदू हाये. लवकर आला असतास तर वाचलं असतं. आपल्या आईची नजर गेली, तेबी हेच आसंल. म्हातारपन म्हनून बसलो आपुन. रिबके, तू आजच जा. नाताळाची वाट पाहू नको."

मला राग आला. भीतीच्या आधी रागच आला. ज्याला पंचांनी मंडळीबाहेर बसवलं, त्यानं मला माझ्या दर्शनाचं नाव सांगावं? तेही रोगाचं नाव? मी म्हणाले, "तुला माझं बरं बघवत नाही, दादा."

"आसंल तसं," तो म्हणाला. "त्येचं राहू दे. डावा डोळा हातानं झाक आन् समोर चर्चाचा क्रूस पाहा. मान हलवू नको."

का कोण जाणे, मी ऐकलं. लहानपणी तो सांगेल ते मी करायचे, ती सवय असेल. डावा डोळा झाकून मी क्रुसाकडे बघत उभी राहिले. तो काठी टेकत उठल्याचा आवाज आला.

"माझा हात दिसतो का?"

"वर कर, मग सांगते."

"पुन्ना पाहा. मान न्हाई हलवायची."

"अरे, हात वर तर कर."

"डोळा उघड आता."

मी डाव्या डोळ्यावरचा हात काढला आणि वळून पाहिलं. त्याचा पंजा माझ्या उजव्या गालापासून चार बोटांवर होता, पाचही बोटं पसरलेली. तो मघापासून तिथंच होता. तो सगळाच्या सगळा हात, आईसारख्या वाकड्या करंगळीसकट, माझ्या उजव्या डोळ्यानं पाहिला नव्हता. त्या जागी काळं काही दिसलं असतं तर मी सांगितलं असतं. काळंही नव्हतं, तिथं काहीच नव्हतं.

मी तशीच घरी आले.

दिवसभर मी घरात लपून डोळे झाकत होते आणि उघडत होते. चुलीजवळचा हंडा उजव्या डोळ्यातून नाहीसा व्हायचा. दाराची कडी नाहीशी व्हायची. मास्तर उजवीकडून आले तर एकदम उगवल्यासारखे समोर यायचे. शेवटी मी त्यांना सगळं सांगितलं. ते शेंगा सोलत होते, सोलत राहिले.

"एकीकडे अमोसभाऊ आहेत, देवाचा माणूस," मी म्हणाले. "दुसरीकडे दादा. कोणाचं ऐकू?"

"अमोसभाऊंचं बोलणं ऐकून तुला कसं वाटतं?"

"मोठं झाल्यासारखं."

"आणि लाजरसचं?"

"राग येतो. भीती वाटते."

"ते तुझं तुला काय वाटतं ते झालं," मास्तर म्हणाले. "खरं काय ते त्यातून कळत नाही. हात दिसला का?"

"नाही."

"मग ते एक आपल्या हाती आहे. तेवढंच घेऊन देवापुढे बस."

मी बसले. त्या खोलीत नाही, स्वयंपाकघरात, दार उघडं टाकून. गुडघे टेकले. इतके दिवस मी प्रार्थनेच्या शेवटी "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" एवढं घाईघाईनं उरकत होते, जेवण झाल्यावर हात धुवावेत तसं. त्या दुपारी मी तिथूनच सुरुवात केली, आणि त्याच्या पुढे मला काही बोलताच येईना. आवाज आला नाही. काही दिसलंही नाही. फक्त दादाचा तो पंजा आठवत राहिला. मंडळीतलं प्रत्येक माणूस मला काय दिसतं ते विचारत होतं. मला काय दिसत नाही, ते त्यानं एकट्यानं विचारलं होतं. आणि मी त्याचं ऐकलं तर त्याला काहीच मिळणार नव्हतं, माझी भाकरीसुद्धा वाढणार नव्हती. मला रडू आलं. कडं जाईल म्हणून आलं की दादासाठी आलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

त्या संध्याकाळी मी खोलीत गेले नाही. अंगणात सगळ्यांपुढे म्हणाले, "मी साक्ष देणार नाही. उद्या मोठ्या दवाखान्यात चालले. लाजरसदादा म्हणतो, हा डोळ्याचा आजार आहे."

जिनं लेकरू पुढे धरलं होतं, तिनं ते उचलून कडेवर घेतलं आणि जरा मागे सरकली. आठवड्यात मिळालेला मान एका दमात कसा उतरतो, ते मी त्या बत्तीखाली पाहिलं. अजून कडं होतं तिला. त्या दिवशी तर नेहमीपेक्षा सुंदर होतं.

अमोसभाऊ माझ्याजवळ आले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं दुःख होतं. "ताई, देवानं दिलेलं तुम्ही कुणाच्या शब्दावर टाकताय?" ते म्हणाले. "आंधळ्याच्या हाती हात देणारा त्याच्यासकट खड्ड्यात पडतो, हे प्रभूनंच सांगून ठेवलंय."

"माहीत आहे, भाऊ," मी म्हणाले. "पण माझा उजवा हात कुणी धरला तर तो मला दिसत नाही. तुमचाही दिसणार नाही. तुम्ही आता माझ्या उजवीकडेच उभे आहात ना? मला नुसता आवाज येतोय."

ते गपकन थांबले. मग चालत माझ्या डाव्या बाजूला आले.

दुसऱ्या दिवशी नाताळची पूर्वसंध्या होती, आणि सकाळी असं धुकं पडलं की अंगणातून चिंच दिसेना. एसटी फाट्यावर यायची, आणि फाट्याला जायची वाट उसातून. मास्तरांनी पिशवी घेतली, माझा हात धरला, आणि वेशीपाशी येऊन थांबले. पुढे नुसतं पांढरं होतं. डोळे असलेल्या माणसालाही पायाखालचं दिसत नव्हतं.

"मी हाये," पांढऱ्यातून आवाज आला. लाजरस वेशीच्या दगडावर बसला होता, अंगावर घोंगडी घेऊन. "मला ठावं व्हतं, तुमी इथं आडनार."

त्यानं हात पुढे केला. मी तो धरला. माझ्यामागून मास्तर, पिशवी सांभाळत. अशी आमची तिघांची वरात निघाली. दोन्ही बाजूंना ऊस होता, पण तो दिसत नव्हता. पानांवरून ठिबकणाऱ्या दवाचा आवाज येत होता. मधेच कुठंतरी मेंढरं कण्हल्यासारखी ओरडली, आणि या वेळी ती खरीच होती. आपण चाललो आहोत की जागच्या जागी पाय हलवतोय, ते समजत नव्हतं. फक्त दादाचा हात गरम होता.

"आता उजवीकून ये," तो म्हणाला. "हितं खड्डा हाये."

मागे मास्तर हसले. आधी दबून, मग मोठ्यानं. अमोसभाऊंचं कालचं बोलणं त्यांना आठवलं असणार. मलाही हसू आलं, आणि काय चाललंय ते न कळून दादाही हसला.

थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "रिबके, प्रभूनं त्या आंधळ्याच्या डोळ्याला चिखल लावला न्हवं? आन् तळ्यावर जाऊन धू म्हनला."

"हो."

"तिथंच उभ्या उभ्या दिली असती की नजर. पर न्हाई दिली. धाडलं त्याला. डोळ्यांवर चिखल, वाट दिसंना. मी लय येळा इचार केलाय ओट्यावर बसून. त्याचा हात कोनी धरला आसंल?"

"ते लिहिलेलं नाही, दादा."

"न्हाई ना? मला वाटलं, माझं ऐकायचं ऱ्हायलं की काय."

एसटीचा भोंगा पांढऱ्यातून ऐकू आला. मी त्याचा हात सोडलाच नाही. मास्तर म्हणाले, "चल, लाजरस, तूही चढ." असे आम्ही तिघंही गेलो.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी डोळ्यांत थेंब घातले, भिंग लावून बराच वेळ बघितलं, आणि माझी हकीकत ऐकून माझ्यावर ओरडल्या. "अंधाऱ्या खोलीत बसायला तुम्हाला कोणी सांगितलं? अंधारात तर हे जास्तच वाढतं." मग शांत होऊन त्यांनी समजावलं. डोळ्यात पाणी खेळतं असतं, त्याची वाट तुंबली होती. तुंबलेलं पाणी आतून नजर दाबून मारतं. बुबुळाला बारीकसं भोक पाडून वाट करून द्यायची, पाट फोडतात तशी. उजव्या डोळ्याचं गेलं ते गेलं, राहिलेलं वाचेल. डावा पूर्ण वाचेल. "अजून काही दिवस थांबला असतात तर मी काही करू शकले नसते," त्या म्हणाल्या, आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला होतं का?"

मी बाकावर बसलेल्या दादाकडे बोट केलं. त्यांनी उठून त्याचेही डोळे तपासले. पापण्या हलकेच मिटून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला काही सांगायची गरज नव्हती.

"मला कोनी सांगितलं असतं," तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तर म्या ऐकलं असतं का गं?"

"ऐकलं असतंस."

"न्हाई," तो म्हणाला. "लय नामी व्हतं ते. नसतं ऐकलं म्या. तू ऐकलंस."

नाताळ आम्ही तिथंच काढला, दवाखान्याच्या वऱ्हांड्यात. ऑपरेशन होऊन माझ्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. कुठूनतरी गाणी ऐकू येत होती, आणि दादा दोन बोटांनी खाटेच्या लोखंडी दांडीवर ठेका धरत होता. गावात त्या सकाळी अमोसभाऊ संदेशाला उभे राहिले, आसपासच्या गावांहून आलेल्या सगळ्या माणसांपुढे. "ज्या ताईंची साक्ष होती, त्या दवाखान्यात आहेत. मी त्यांना चुकीचा सल्ला दिला. त्यांच्यासाठी प्रार्थना करा आणि माझ्यासाठीही," एवढं बोलून ते खाली बसले. मला हे नंतर कळलं. त्या एवढ्याशा संदेशासाठी मी त्यांना अजून मानते.

नवं वर्ष लागल्यावर आम्ही परतलो. संध्याकाळ होती. चर्चमध्ये प्रार्थनेला माणसं जमली होती आणि बत्ती आत टांगली होती. दारापाशी येऊन दादा सवयीनं ओट्याकडे वळला.

"चल आत," मी म्हणाले.

"मला बंद हाये."

"प्रभुभोजन बंद आहे. दार बंद नाही." मी त्याचा हात धरला. "पंचांशी मी बोलेन. आधी तुझ्याशी बोलायला हवं होतं, ते बाकी आहे, तेही बोलेन. चल."

तो उंबऱ्यापाशी पायानं चाचपत थांबला. इतक्या वर्षांनी त्याला उंबऱ्याची उंची आठवत नव्हती. मग आत आला. आम्ही पुढच्या सतरंजीवर बसलो. गाणं थांबलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी बत्तीकडे.

"दिसतंय का, ताई?" कुणीतरी विचारलं.

"दिसतंय," मी म्हणाले. "बत्ती दिसते. काच दिसते. काचेवर एक पाकोळी बसलीय."

लोक हसले. कुणीतरी देवाचे आभार मानले आणि गाणं पुन्हा सुरू झालं. दादा माझ्या बाजूला वाकला.

"आन् कडं?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही, दादा. गेलं."

"बरं झालं," तो म्हणाला.

त्यानं तोंड बत्तीकडे केलं, जिथून ऊब येत होती तिकडे. मग माझा हात दाबून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला, "पर लय सुंदर व्हतं गं."

"हो," मी म्हणाले. "फार सुंदर होतं."